धातूंचे आयन आणि हायड्रॉक्सी आम्लं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला दांडिया बाजारात माझी रसायनाची शिकवणी आहे. त्याआधी बरीच वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. बीएस्सी-एमएस्सीची मुलं, नंदेसरीच्या कारखान्यांत लागलेले जुने विद्यार्थी आणि अधूनमधून त्यांच्या आया, असे तिन्हीकडून प्रश्न येत असतात. पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. नवीन काही विचारायचं असेल तर एकच विनंती: द्रावणाचा पीएच लिहून पाठवा. दहातले सात प्रश्न तेवढ्यानंच सुटतात, विचारणाऱ्याच्या हातूनच.

१. हायड्रॉक्सी कार्बॉक्सिलिक आम्लं म्हणजे नेमकी कोणती?

ज्या रेणूत कार्बॉक्सिल, म्हणजे सीओओएच, गटही आहे आणि हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच, गटही आहे ती. स्वयंपाकघरात निम्मी यादी सापडते. दह्याताकात लॅक्टिक, चिंचेत टार्टरिक, लिंबात सायट्रिक, सफरचंदात मॅलिक. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक असतं, म्हणजे सायट्रिकलाच आणखी एक ओएच. प्रयोगशाळेतली भर म्हणजे ग्लायकोलिक, मॅंडेलिक, ग्लुकॉनिक आणि सॅलिसिलिक. सॅलिसिलिकचा ओएच बेंझिनच्या कड्याला चिकटलेला असतो, त्यामुळे त्याचं वागणं जरा निराळं (प्रश्न १२).

व्हिटॅमिन सी यात धरायचं का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. धरू नका. ॲस्कॉर्बिक आम्लात मोकळा कार्बॉक्सिल गट नाही.

२. क्षार होणं आणि कॉम्प्लेक्स होणं यात फरक काय? सोडियम सायट्रेट हाही कॉम्प्लेक्सच ना?

नाही. सोडियम सायट्रेट पाण्यात टाकलं की सोडियम आपल्या वाटेनं जातो, सायट्रेट आपल्या. दोघांत ओढ असते, पण ती नावापुरती.

कॉपरचं तसं नसतं. पाण्यातला क्युप्रिक (दोन धनभारांचा कॉपर) आयन एकटा नसतो, त्याच्याभोवती पाण्याचे रेणू बसलेले असतात. सायट्रेट आला की त्यातल्या काही रेणूंना उठवून त्यांच्या जागी आपले ऑक्सिजन बसवतो. अशी जोडी म्हणजे कॉम्प्लेक्स. एकाच रेणूचे दोन किंवा तीन ऑक्सिजन एकाच धातूला धरतात आणि कडं तयार होतं. त्याला किलेट म्हणतात, ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात सोडियम सायट्रेट घातलं की निळा रंग गडद होतो, तो या अदलाबदलीमुळे.

३. ॲसिटिक आम्लातही कार्बॉक्सिल आहे. मग ओएच असल्यानं एवढं काय बिघडतं किंवा सुधारतं?

आधी करून बघा. दोन परीक्षानळ्यांत फेरिक क्लोराइडचे चार-चार थेंब घ्या. एकीत ॲसिटिक आम्ल घाला, दुसरीत टार्टरिक आम्लाचं द्रावण, जरा सढळ हातानं. आता दोन्हींत अमोनिया थेंबाथेंबानं सोडा, वास टिकेपर्यंत. पहिलीत तपकिरी, लिबलिबीत साका येतो. तो फेरिक हायड्रॉक्साइड. दुसरी पिवळसर, पण नितळ राहते. अमोनिया तोच, लोहही तेच.

याचं कारण दोन टप्प्यांत येतं. पहिला टप्पा सोपा: कार्बॉक्सिलच्या शेजारच्या कार्बनवर ओएच असेल (अशांना आल्फा-हायड्रॉक्सी आम्लं म्हणतात), तर दोन्ही ऑक्सिजननी धातू धरल्यावर पाच अणूंचं कडं होतं. त्यात ताण नसतो. पण ओएच आपला प्रोटॉन सांभाळून नुसताच टेकलेला असेल तर फायदा बेताचाच. कॉपरचे ॲसिटेट आणि लॅक्टेट ताडून पाहिले तर स्थिरांकात (पकड किती घट्ट ते सांगणाऱ्या आकड्यात) लॉगच्या मापानं, म्हणजे एक घर दहा पट या हिशेबानं, साधारण अर्ध्या-एकाचा फरक पडतो.

खरी मजा दुसऱ्या टप्प्यात आहे. साध्या अल्कोहोलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) १५-१६ च्या घरात असतो, म्हणजे पाण्यात तो प्रोटॉन सोडायचं नाव घेत नाही. पण फेरिकसारखा तीन धनभारांचा छोटा आयन त्याला खेटून बसला की ऑक्सिजनवरचे इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात आणि प्रोटॉनची पकड सुटते. याच फेरिकला चिकटलेलं साधं पाणीसुद्धा पीएच २.२ च्या आसपास प्रोटॉन सोडतं, मग ओएचचं काय घेऊन बसलात. फेरिकबरोबर तो आम्लधर्मी द्रावणातच मोकळा होतो, क्युप्रिकबरोबर पीएच ५ च्या आसपास, आणि कॅल्शियमबरोबर जवळपास होतच नाही. प्रोटॉन गेलेला ऑक्सिजन ऋणभारित असतो आणि तो धातूला असा धरतो की हायड्रॉक्साइडलाही जागा मिळत नाही. दुसरी नळी नितळ राहते ती म्हणून.

पाठ्यपुस्तकात या गटाला ‘दाता गट’ म्हणून एका ओळीत उरकतात. माझ्या मते सगळा विषय त्या ओळीत आहे.

४. प्रत्येक उत्तरात तुम्ही पीएच का विचारता?

कारण एकाच ऑक्सिजनवर प्रोटॉनलाही बसायचं असतं आणि धातूलाही. सायट्रिक आम्लाचे तीन पीकेए ३.१३, ४.७६ आणि ६.४० धरून हिशेब मांडा. पीएच ७ ला सुमारे ८० टक्के सायट्रेट तिन्ही कार्बॉक्सिल मोकळे करून तयार असतं. पीएच ५.५ ला ते १० टक्क्यांच्या आत येतं. पीएच ४ ला उरतं ०.०५ टक्का. बाटलीवर लिहिलेली संहती मात्र तिन्ही वेळा तीच!

आता यात थोडं कॅल्शियम टाका. कॅल्शियम-सायट्रेटचा स्थिरांक लॉग ३.५ घ्या आणि सायट्रेट ०.०१ मोलर. पीएच ७ ला सुमारे ९६ टक्के कॅल्शियम पकडलं जातं. पीएच ४ ला याच हिशेबानं जेमतेम २ टक्के.

इथे हुशार मुलं अडवतात, आणि बरोबर अडवतात: एक प्रोटॉन शिल्लक असलेलं सायट्रेटही कॅल्शियम धरतं की! धरतं. पकड सैल असते, पण पीएच ४ ला त्याचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ते हिशेबात घेतलं की २ टक्क्यांचा आकडा बराच वर सरकतो. तरी ९६ च्या जवळपासही जात नाही. एमएस्सीच्या प्रकल्पात ही प्रोटॉनवाली जात विसरलात तर तोंडी परीक्षेत हमखास सापडाल.

५. कोणता धातू सगळ्यात घट्ट बसतो? आकडे द्या.

सायट्रेटचे स्थिरांक, २५ अंश सेल्सिअसला, ०.१ मोलर आयनिक सामर्थ्याला (द्रावणातल्या एकूण आयनांचं माप), लॉगमध्ये, ढोबळ: मॅग्नेशियम ३.४, कॅल्शियम ३.५, फेरस (दोन धनभारांचं लोह) ४.४, झिंक ४.९, निकेल ५.४, कॉपर ५.९, आणि फेरिक ११.५ च्या घरात. म्हणजे फेरस आणि फेरिक या एकाच धातूच्या दोन रूपांत सात घरांचं अंतर, सुमारे एक कोटी पट. फेरस ते झिंक हा चढउतार अर्विंग-विल्यम्स क्रमाप्रमाणे (दोन धनभारांच्या अशा धातूंच्या पकडीचा ठरलेला क्रम) आहे. कॉपर माथ्यावर आणि झिंक पुन्हा खाली.

दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर घाबरू नका. आधी आयनिक सामर्थ्य पाहा, मग लेखकानं ओएचचा प्रोटॉन गेलेला धरलाय की राहिलेला ते पाहा. फेरिकच्या बाबतीत निम्मी भांडणं या दुसऱ्या गोष्टीवरून होतात.

६. ईडीटीए इतका घट्ट धरतो, तर सायट्रेट हवंच कशाला?

ईडीटीए हा धातू धरणारा कृत्रिम रेणू. त्याचा कॅल्शियमचा लॉग स्थिरांक १०.७ आहे आणि फेरिकचा २५.१, तेव्हा ताकदीत तुलनाच नाही. पण धरलेलं पुन्हा सोडायचं असेल तिथे सैल पकडच कामाची (प्रश्न १०). शिवाय सायट्रेट आपल्या शरीरातच रोज तयार होतं आणि मोडतं, जिवाणूही ते सहज खातात. ईडीटीए सांडपाण्यात रेंगाळतो. आणि अगदी तीव्र अल्कलीत, बाटल्या धुण्याच्या कॉस्टिक सोड्यामध्ये, ग्लुकोनेट फार चांगलं चालतं, कारण त्याला ओएचची आख्खी माळ आहे आणि तिथे ते प्रोटॉन सोडायला तयार होतात. हेच ग्लुकोनेट रेडिमिक्स काँक्रीट लवकर घट्ट होऊ नये म्हणूनही टाकतात.

७. फेलिंगच्या द्रावणात रोशेल सॉल्ट कशासाठी? आणि ए-बी वेगळे का ठेवायचे?

फेलिंगचं द्रावण साखर ओळखायला वापरतात; ए आणि बी अशा दोन बाटल्या आयत्या वेळी मिसळायच्या. कॉपर सल्फेटमध्ये नुसतं कॉस्टिक घातलं तर निळा साका बसेल आणि प्रयोग तिथेच संपेल. रोशेल सॉल्ट म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेट. त्याचे ओएच अल्कलीत प्रोटॉन सोडून कॉपरला धरतात (कसं ते प्रश्न ३ मध्ये) आणि गडद निळं, नितळ द्रावण मिळतं. ए आणि बी मिसळताना क्षणभर साका दिसतो, हलवलं की विरघळतो. त्या क्षणी बाटली बिघडली म्हणून ओतून देऊ नका. एका बॅचनं दिली होती.

माप: ए मध्ये लिटरला ६९.२८ ग्रॅम स्फटिकी कॉपर सल्फेट, बी मध्ये ३४६ ग्रॅम रोशेल सॉल्ट आणि कॉस्टिक. वेगळे ठेवायचे कारण मिसळलेलं द्रावण टिकत नाही. तीव्र अल्कलीत टार्टरेट स्वतःच हळूहळू कॉपरला क्षपित करतं. साखरेच्याच चाचणीच्या बेनेडिक्टच्या द्रावणात टार्टरेटऐवजी सायट्रेट आणि कॉस्टिकऐवजी सोडियम कार्बोनेट असल्यानं ते एकाच बाटलीत टिकतं.

८. निकेल डीएमजीनं (डायमिथाइलग्लायॉक्झिमनं) साका पाडून काढताना टार्टरिक आम्ल घालायला सांगतात. विसरलो तर?

नमुन्यात लोह किंवा ॲल्युमिनियम असेल तर अमोनिया घालताच त्यांचे हायड्रॉक्साइड बसतील आणि निकेलच्या सुंदर लाल साक्यात मिसळून वजन वाढवतील. टार्टरेट त्या दोघांना द्रावणातच धरून ठेवतं, याला मास्किंग म्हणतात. निकेललाही ते धरतं, पण डीएमजीपुढे त्याचं चालत नाही. नमुना शुद्ध निकेलचा असेल तर विसरलात तरी काही बिघडत नाही.

९. चिंचेनं पितळ चकचकीत होतं, पण त्याच पितळेत कढी केली की ती कळकते. दोन्ही एकाच कारणानं का?

हो. हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या आजींनी पाठवला होता आणि इथल्या सगळ्या प्रश्नांत मला तोच जास्त आवडतो.

पितळेवरचा काळपट थर मुख्यतः कॉपरच्या ऑक्साइडचा. चिंचेतलं टार्टरिक आम्ल प्रोटॉन देऊन तो सोडवतं आणि सुटलेल्या कॉपरला टार्टरेट धरून बसतं, त्यामुळे ते पुन्हा पृष्ठभागावर चिकटत नाही. चिंचेत मीठ मिसळलं की आणखी जलद, कारण क्लोराइडही कॉपरला धरतं. चिंच लावून भांडं तासन् तास विसरलात तर पितळ तांबूस दिसायला लागतं, कारण पितळेतलं जस्त आधी निघून जातं. चोळा, धुवा, कोरडं करा.

आता कढी. ताकात लॅक्टिक आम्ल आहे, हवेतला ऑक्सिजन आहे. ऑक्सिजन धातूचं ऑक्सिडीकरण करत राहतो, आम्ल ते विरघळवत राहतं. थर सुटला तरी काम थांबत नाही, कारण खाली ताजा धातू आहेच. कॉपर उतरलेल्या कढीचा रंग हिरवट आणि चव तुरट होते, ती कळकली म्हणतात. खाऊ नये, मळमळ-उलटी होते. कल्हई म्हणजे आतून कथलाचा थर. हायड्रॉक्सी आम्लांपुढे कथील कॉपरपेक्षा पुष्कळ सोशीक असतं. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा तेव्हा नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा बोळा, आणि एका फेऱ्यात काळं पातेलं आतून आरशासारखं! आता तो दिसत नाही, म्हणून आजींना स्टीलचं सुचवलं. त्यांना पटलेलं नाही.

१०. रक्ततपासणीच्या फिकट निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट असतं. एवढ्या सैल पकडीनं रक्त गोठायचं थांबतं कसं?

ट्यूबमध्ये ३.२ टक्के, म्हणजे ०.१०९ मोलर, सोडियम सायट्रेट असतं आणि त्यात नऊ भाग रक्त घेतात. मिश्रणात सायट्रेट सुमारे ११ मिलिमोलर होतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम सव्वा मिलिमोलरच्या आसपास, आणि रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे सायट्रेट पूर्ण तयारीत (प्रश्न ४). सैल पकड, पण पकडणारे हात कितीतरी जास्त. मोकळं कॅल्शियम मिलिमोलरच्या काही शतांशांवर येतं आणि गोठण्याची साखळी तिथेच अडते.

कॅल्शियम बाहेर काढलेलं नसतं, फक्त बाजूला धरलेलं असतं. प्रयोगशाळेत एपीटीटी ही गोठण्याची चाचणी करताना वरून कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि रक्तद्रव पुन्हा गोठतो, तो किती सेकंदांत तेच मोजायचं असतं. म्हणून ट्यूब रेघेपर्यंत भरावी लागते. रक्त कमी भरलं तर सायट्रेट प्रमाणाबाहेर उरतं, वरून घातलेलं कॅल्शियमही तेच गिळतं आणि वेळ खोटाच वाढलेला दिसतो.

११. बोअरच्या पाण्यानं किटलीत थर साचला. सायट्रिक आम्ल घालून उकळलं तर पांढरी भुकटीच बसली. कॉम्प्लेक्स झाला की विरघळायला हवं ना?

कॉम्प्लेक्स झाला म्हणजे विरघळलाच, असा नियम नाही. एक कॅल्शियम आणि एक सायट्रेट मिळून ऋणभारित आयन होतो, तो पाण्यात राहतो. पण आम्ल संपत आलं, पीएच वर गेला आणि कॅल्शियम भरपूर असलं की तीन कॅल्शियमला दोन सायट्रेट असा भाररहित क्षार होतो आणि तो लिटरला ग्रॅमभरही विरघळत नाही. त्यातून त्याची खोड अशी की गरम पाण्यात तो आणखी कमी विरघळतो. म्हणजे तुम्ही उकळलंत तिथेच घोटाळा झाला.

उपाय सोपा: आम्ल सढळ घाला, पाणी कोमट ठेवा, फसफस थांबली की ओतून टाका आणि राहिलं तर ताजं आम्ल घ्या. कॅल्शियम टार्टरेटही असंच हट्टी आहे, म्हणून थर काढायला चिंच वापरू नका. पितळेचा न्याय इथे लागू नाही.

१२. सॅलिसिलिक आम्लाला फेरिक क्लोराइड घातलं की जांभळं, लॅक्टिकला पिवळं. असं का?

सॅलिसिलिकमध्ये कडं सहा अणूंचं होतं आणि धातूला धरणारा एक ऑक्सिजन फिनॉलचा असतो. फिनॉलकडून लोहाकडे इलेक्ट्रॉन सरकताना दृश्य प्रकाश शोषला जातो, म्हणून जांभळा. लॅक्टिक, टार्टरिक, सायट्रिक यांच्या साध्या ओएचमध्ये ही सोय नाही. त्यांचं शोषण जांभळ्या-अतिनील टोकाला होतं आणि डोळ्याला पिवळं दिसतं. फिनॉल आणि फेरिक क्लोराइडच्या जांभळ्या द्रावणात लॅक्टिक आम्ल घातलं की ते पिवळं होतं. पूर्वी जठररसात लॅक्टिक आम्ल आहे का ते असंच बघत.

१३. फेरिक सायट्रेटची बाटली तपकिरीच का हवी?

कारण ती उन्हात स्वतःलाच खाते. प्रकाश पडला की सायट्रेटकडचा इलेक्ट्रॉन फेरिककडे जातो, फेरिकचं फेरस होतं आणि सायट्रेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मी एकदा मे महिन्यात फेरिक अमोनियम सायट्रेटचा फ्लास्क पश्चिमेच्या खिडकीत ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर काचेच्या आतून बारीक बुडबुडे चिकटलेले, रंग उतरलेला, आणि दुपारच्या बॅचची सगळी वाचनं वाया. त्यातल्या कुणालाही मी खरं कारण त्या दिवशी सांगितलं नाही.

हाच दोष जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये कामाला लावला. याच क्षारात पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळून कागदाला लावायचं, ऊन लागेल तिथे फेरस होतं आणि प्रशियन निळा उमटतो. अभियंत्यांचे निळे नकाशे, ब्लूप्रिंट, ते हेच.

१४. जॉबच्या पद्धतीनं मला एकास एक आलं, मैत्रिणीला एकास दोन. कुणाचं बरोबर?

दोघींचंही असू शकतं. जॉबची पद्धत म्हणजे धातू आणि आम्ल वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून, रंग सगळ्यात गडद कुठे होतो त्यावरून कॉम्प्लेक्समधलं प्रमाण काढणं. ती एकच कॉम्प्लेक्स होतो असं गृहीत धरते, आणि हायड्रॉक्सी आम्लं हे गृहीतक फारसं पाळत नाहीत. कॉपर-सायट्रेटमध्ये पीएच वाढला की दोन कॉपर आणि दोन सायट्रेट यांची जोडगोळी होते. प्रमाण तेव्हाही एकास एकच दिसतं, म्हणजे आलेखावरून एकेरी की जोडी हे कळतच नाही. फेरिकमध्ये तर सायट्रेट जास्त असेल तर एकास दोन, कमी असेल तर लोहाचे अनेक अणू जोडलेले गठ्ठे. पीएच आणि आयनिक सामर्थ्य सगळ्या फ्लास्कमध्ये एकसारखं ठेवलं होतं का, ते आधी पाहा. नुसती द्रावणं मिसळली असतील तर प्रमाणाबरोबर पीएचही बदलत गेला आणि आलेखानं दोन्हींची खिचडी दाखवली. पीएच-मापी टायट्रेशन करा, द्रावणात किती प्रकारचे कॉम्प्लेक्स आहेत ते त्यातून जास्त प्रामाणिकपणे कळतं.

१५. ॲल्युमिनियमवाली ॲसिडिटीची गोळी लिंबू सरबताबरोबर घेतली तर?

घेऊ नये. एरवी ॲल्युमिनियम आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. सायट्रेट त्याला विरघळलेल्या रूपात धरून ठेवतं आणि शोषण वाढतं. निरोगी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, पण ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांच्यासाठी हे धोक्याचं आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते करावं.

१६. झाडाची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. लोह-सायट्रेट घालू का?

लक्षण लोहाच्या कमतरतेचं वाटतं. झाडाच्या आत मुळांकडून पानांकडे लोह सायट्रेटबरोबरच जातं, म्हणून कल्पना चुकीची नाही. पण चुनखडीच्या, पीएच ८ च्या मातीत सायट्रेट टिकत नाही: जिवाणू खातात, कॅल्शियम आडवं येतं आणि लोह हायड्रॉक्साइड होऊन बसतं. तिथे ईडीटीएसुद्धा नीट चालत नाही, लोहाला त्याहून घट्ट धरणारा ईडीडीएचए लागतो. फवारणी करणार असाल तर सायट्रेट ठीक, तीही संध्याकाळी. का, ते प्रश्न १३ मध्ये.

१७. लॅंथनाइड वेगळे करायला हीच आम्लं का वापरतात?

लॅंथेनम ते ल्युटेशियम सगळे तीन धनभाराचे, रसायनानं सख्खी भावंडं. फरक एवढाच की आयनाची त्रिज्या १०३ पिकोमीटरपासून ८६ पर्यंत हळूहळू आक्रसते. आयन लहान होत जातो तशी सायट्रेटची पकड पायरीपायरीनं वाढते. आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या स्तंभावर सगळे चढवायचे आणि वरून ठरलेल्या पीएचचं सायट्रेट सोडायचं. ल्युटेशियम आधी उतरतं, लॅंथेनम शेवटी. यांच्यातलंच प्रोमेथियम १९४५ मध्ये ओळखलं गेलं ते अशाच स्तंभातून.

पुढे आल्फा-हायड्रॉक्सिआयसोब्युटिरिक आम्ल आलं. लॅक्टिकसारखंच, फक्त एक मेथिल जास्त, पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक त्याला अधिक चांगला कळतो. १९५५ मध्ये सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी मेंडेलेव्हियम हे नवं मूलद्रव्य याच आम्लानं स्तंभातून उतरवलं. एका प्रयोगातून हाती यायचा जेमतेम एखादा अणू, आणि तो कोणत्या थेंबात असेल ते या आम्लाच्या पकडीवरून आधीच सांगता येत होतं.